दहावं नाव

यादीतला दहावा आकडा कोराच होता.

अक्षर आबांचं. कोपऱ्यात त्यांच्या सवयीप्रमाणे तारीख, चौदा फेब्रुवारी. खाली नऊ नावं. पहिलं जावयाचं, दुसरं ठाण्याच्या सिनेगॉगमधल्या सायमनकाकांचं, बाकीची पनवेल-अलिबागकडची. त्यांच्या मुलीला, मोजेलला, कोऱ्या आकड्याचं नवल वाटलं नाही. यादी करणारा स्वतःचं नाव कशाला लिहील?

डिसेंबरात तिच्या मुलाला, योएलला, तेरा वर्षं पुरी होत होती. त्याचा बार मित्झ्वा करायचा होता. पहिल्यांदा सर्वांसमोर तोरा हा धर्मग्रंथ वाचायचा, मोठ्या माणसांत यायचं. त्यासाठी दहा ज्यू पुरुष लागतात. खामगावात ज्यूंचं घर एकच.

मे महिन्यात आबांचा आजार कळला. जुलैत ते गेले. मातीला सहाच जण पोचले. दहा नव्हते, म्हणून मृतासाठी म्हणायचा कद्दीशही राहिला.

चार दिवस ती यादीतल्यांना फोन करत होती. एकाला रजा नव्हती, एकाचा गुडघा धरला होता. बाकीचे नुसतं बघतो म्हणाले, पण शेवटी नऊही जण यायला तयार झाले.

"दहाच माणसं ना, पोरी? मी ट्रॅक्टर भरून आणतो," शेजारच्या ऑइल मिलचे गुलाबराव म्हणाले.

"यहुदीच लागतात, काका."

"मंग अवघड हाय. शनिवार पाळून मिल बंद ठेवणारा गावात एकच होता, तुझे आबा."

पोहे, नारळ, खजूर, मलिद्याचं सगळं सामान ओट्यावर आलेलं होतं. तिनं सायमनकाकांना फोन लावला.

"रद्द करते, काका. आबा नाहीत. नऊच उरलेत."

"आणि योएल?"

"तोरा वाचल्याशिवाय त्याला कसं धरायचं?"

"वाचल्यानं नाही गं. तेरा पुरी झाली की धरतात. तुझ्या आबांनी हेच तर विचारलं होतं. नातवाला धरून दहा होतील ना? मग कद्दीश म्हणता येईल ना? मी म्हटलं, कोणासाठी? तर म्हणाले, लागेल पुढं. लगेच यादी करतो म्हणाले."

फोन ठेवून मोजेलनं यादी पुन्हा हातात घेतली. चौदा फेब्रुवारी. तेव्हा आबा रोज सायकलवर मिलला जात होते, आणि घरात कुणालाच काही माहीत नव्हतं.