तरुण संघाची पहिली सभा

“अगं, पहिली सभा जालन्यालाच झाली,” नगरचे नथानिएल आजोबा ठासून म्हणाले.

“काहीतरीच! नगरला झाली,” जालन्याच्या ओबेद आजोबांनी त्यांचं म्हणणं खोडून काढलं.

शुलमितचं डोकंच चक्रावलं. चर्चच्या राष्ट्रीय तरुण संघाला पन्नास वर्षं झाली होती, पाळकसाहेब माइकवरून इतिहास सांगायला तिला बोलावत होते आणि संघ काढणारे हे दोघे पहिल्या सभेचा मान एकमेकांच्या गावाला देत होते!

“पण सभेला होतं कोण?” तिने घाईघाईने विचारलं.

नथानिएल आजोबा ओशाळले. “मी एकटाच. जालन्याच्या चर्चला कुलूप होतं. पायरीवर बसून प्रार्थना केली नि परतलो. हा ठरलेलं विसरला, पण चारचौघांत त्याला कशाला लाजवायचं? म्हणून सभा झाली असंच सांगत आलो.”

“मी विसरलो? अरे गाढवा, त्याच दिवशी मी नगरला तुमच्या चर्चच्या पायरीवर तुझी वाट बघत होतो! तू विसरलास म्हणून मीच गप्प बसलो.”

शुलमित माइककडे धावली.

“आपली पहिली सभा एकाच दिवशी दोन गावांत भरली,” ती म्हणाली. “दोन्हीकडे एकेकच जण आला होता. पण सभा कुणीच रद्द केली नाही.”