चार कठडे

हीट गनची गरम हवा लागली तसा गॅलरीच्या खांबावरचा हिरवा रंग फुगला आणि मिस्त्रीच्या बायकोने तो खरवडणीच्या एका फटक्यात उतरवला. खाली लांबीचा पांढरट थर निघाला. लाकडातली भोकं बुजवायची ही लांबी वाळली की दगड होते. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रीनेच ती भरली होती. तेव्हा कठड्याचे चारही खांब बुडाशी कुजले होते. त्याने ते असे दुरुस्त केले होते की सांधा शोधून दाखवा.

"तिथे हात लावू नकोस," तो म्हणाला. "ते माझं काम आहे. नुसता रंग काढ."

"रंगच काढतेय. पण हे असं काय वाजतंय?"

तिने खरवडणीच्या मुठीने खांबाच्या बुडाशी टकटक केली. आवाज पोकळ आला. बायकोला सगळ्यात खोट दिसते, असं मिस्त्री चारचौघांत सांगत असे. ती बहुतेक वेळा बरोबर निघते, हे मात्र सांगत नसे.

त्याने पटाशी लांबीच्या कडेला लावली आणि हातोडीने हलकेच ठोकली. लांबीचा अख्खा ठोकळा सुटून त्याच्या हातात आला. आतलं लाकूड काळं आणि ओलं होतं. त्याने पटाशी नुसती दाबली, तर ती मुठीपर्यंत आत गेली.

दोन मजले खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मी म्हटलं होतं," बायको हळूच म्हणाली. "आठ दिवस वाळू द्या."

"म्हटलं होतंस."

तेव्हा घाई होती. गिऱ्हाइकं डोक्यावर बसली होती. त्याने ओल्या लाकडावरच लांबी भरली आणि वरून ऑइल पेंटचे दोन हात मारले. पाणी आत कोंडलं ते कोंडलंच. वरून कीर्तन, आतून तमाशा.

घरातल्या काकू पाण्याचे ग्लास घेऊन गॅलरीच्या दाराशी आल्या. "मागच्या वेळी किती छान काम केलं होतंत हो! मी सगळ्यांना तुमचंच नाव सांगते."

लांबीचा नवा डबा मिस्त्रीच्या पिशवीत होता. अर्ध्या तासाचं काम, वर रंग, काकूंना कळलंही नसतं. त्याचा हात पिशवीकडे गेलाच. बायको नुसती बघत राहिली.

"काकू, गॅलरीत येऊ नका," तो एकदम म्हणाला. "ग्लास तिथेच ठेवा. खांब आतून कुजलेत. चूक माझी आहे. चारही नवे घालून देतो, पण तोवर इकडे कुणी यायचं नाही."

काकूंनी कठड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"अहो, काल इथे नातवंडं खेळत होती," त्या म्हणाल्या आणि दाराची चौकट धरून तिथेच खाली बसल्या.

बायकोने दारात आडवी दोरी बांधली. गाठ मारता मारता तिने विचारलं, "आणि बाकीचे तीन कठडे?"

हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं आणि त्याने ते मागे ढकललं होतं. त्याच ओल्या महिन्यात, तशीच लांबी भरून, त्याने एकूण चार कठडे केले होते.

त्याच्या मोबाइलमध्ये गिऱ्हाइकांची नावं नसत, खुणा असत. त्याने 'निळं दार' शोधलं. फोन लावला.

"कठडा? अहो, तो आम्ही गेल्या वर्षीच काढून टाकला. लोखंडी बसवला. राग नाही ना आला?"

राग कसला! मिस्त्रीला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

'मोठा जिना' चौथ्यांदा लावल्यावर लागला. मंडळी परगावी, घराला कुलूप. "आल्यावर गॅलरीचं दार उघडू नका. आधी मला फोन करा." एवढं काय झालं, असं त्यांनी दोनदा विचारलं. "उघडू नका, बस्स," एवढंच तो म्हणाला.

दोन झाले. सदरा पाठीला चिकटला होता.

राहिल्या 'शिवणाच्या ताई'. तिसरा मजला, एकट्या राहणाऱ्या. फोन वाजत राहिला. बायको येऊन त्याच्याजवळ बसली. "स्पीकर लावा," ती म्हणाली.

"हॅलो?"

"ताई, मी मिस्त्री बोलतोय. तुमच्या कठड्याला..."

"कोण? कोण बोलतंय?"

"मिस्त्री! कठड्याजवळ जाऊ नका! कठडा!"

"अगंबाई, मिस्त्री होय! काही कळत नाहीये हो, मधेमधे तुटतंय. थांबा हं, घरात रेंजच नाही. बाहेर येते."

"नको! ताई, बाहेर नको! आतच थांबा!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग चपलांचा. मिस्त्री ओरडत होता, बायको ओरडत होती, दाराशी बसलेल्या काकूही "अहो बाई, थांबा" म्हणून ओरडायला लागल्या. पलीकडून "आले आले, एक मिनिट" एवढंच येत होतं. मग कडी निघाली.

आणि ताईंचा आवाज एकदम स्वच्छ आला, शेजारी बसून बोलावं तसा.

"हं, बोला आता. तुम्ही कठडा पक्का करून दिलात ना, तेव्हापासून मी इथेच टेकून बोलते."