पाट आणि ओटा
ठेंगण्या द्रौपदीबाईंनी चाळीस वर्षं भाड्याच्या घरांत पाटावर उभं राहून स्वयंपाक केला. आज स्वतःचं घर ठरायचं होतं. "आई, बोरीवली स्टेशनजवळचा रीसेल फ्लॅटच घेऊ ना! उद्याच राहायला जाऊ," प्रितम म्हणाला. पण तिथला ओटा त्यांच्या छातीला लागला होता. मग दोघं नव्या इमारतीतला फ्लॅट बघायला गेली. तिथे ओटा अजून बांधायचाच होता. "मावशी, किती उंच ठेवू?" गवंड्यानं विचारलं. असं त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी हळूच कमरेशी हात धरला. गवंड्यानं तिथेच भिंतीवर रेघ ओढली. "एवढुसा? भांडी घासताना वाकून वाकून माझी वाट लागेल!" प्रितम ओरडला. "चाळीस वर्षं मी चढले, आता तू वाक!" त्यानं हसतच रीसेलवाल्याला नकार कळवला. "आणि तुझा पाट गं?" "त्यावर आता मी बसून जेवणार."