ड्यूटीचं पांढरं

पंच्याहत्तर सालची गोष्ट. जालन्याच्या होस्टेलात नर्सिंगच्या नव्या पोरी आल्या, तशी मेट्रनबाईंनी ताकीद दिली. उद्या वार्डात येताना पांढरी साडी हवी, सेकंदकाट्याचं घड्याळ हवं आणि हातात बांगड्या बिलकुल नकोत.

तीर्थपुरीहून मथुराला पोचवायला आलेली तिची आई उसळलीच. "बाई, लेकीचं लगीन व्हायचंय अजून. आत्ताच रांडमुंडीचा भेस कशाला चढवता तिच्या अंगावर?"

मेट्रनबाईंनी कोपऱ्यातल्या कौसल्याकडे बोट केलं. "ही बघा, आजच पांढरी साडी नेसून, बांगड्या उतरवून आलीय. काही कुरकुर आहे का हिची?"

दुसऱ्या दिवशी वार्डात सगळ्याच एकसारख्या दिसत होत्या. कौसल्याला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

संध्याकाळी ड्यूटी सुटताच पोरी खोलीकडे पळाल्या. कुणी लाल नेसली, कुणी हातभर हिरव्या बांगड्या चढवल्या. मथुरा म्हणाली, "कौसल्ये, बदल की जल्दी! काय तशीच बसून राह्यली?"

कौसल्यानं पेटी उघडली.



सासूनं घडी घालून दिलेली सगळी पातळं पांढरीच होती.