दीड टक्का

देवमन पाया पडायला वाकला, तेव्हा शालिकराम गुरुजींनी आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"राहू द्या, राहू द्या," ते हसून म्हणाले.

मंगरूळपीरच्या शाळेत त्यांनीच त्याला विज्ञान शिकवलं होतं. आज तो सहा वर्षांनी आला होता. मधे भेट व्हायची ती पत्रांतूनच. गुरुजींचा हात थरथरायचा, म्हणून ते सांगत आणि त्यांच्या पत्नी गिरजाकाकू लिहून घेत.

देवमननं खिशातून रुपयाएवढी पिवळसर चकती काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"दाबली का वीज देते, गुरुजी. ग्रामोफोनच्या सुईजवळ बसवतेत. माय म्हने, पयली गुरुजीले दे."

"मस्त हाये," गुरुजी म्हणाले.

"तुमच्यानंच झाली. नाही तं मी नागपूर सोडलंच होतं."

ते खरंच होतं. शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियमच्या भुकट्या भाजून तो तिथल्या प्रयोगशाळेत चकत्या करी. त्यांच्यात गुण यायला जबर दाबाची वीज द्यावी लागे, आणि वीज दिली की त्या फुटत. निओबियम नावाचा धातू मिसळला तर टिकतील, असं तो वाचून होता. त्यानं तो चार टक्के घातला, पाच घातला. चकत्या फुटतच राहिल्या. गेल्या वर्षी शिष्यवृत्ती संपत आली, तसं त्यानं सगळे आकडे लिहून गुरुजींना कळवलं, आता कुठं कारकुनी मिळते का पाहतो. आठव्या दिवशी उत्तर आलं : 'जास्त घातलं म्हणजे जास्त गुण येतो, असं नाही. खाली उतर. दीड टक्क्यावर करून पाहा.'

दीड टक्क्यावर एकही चकती फुटली नाही.

देवमननं आपला प्रबंध गुरुजींच्या मांडीवर ठेवला. पहिल्याच पानावर त्यांचं नाव होतं. काकू चहा घेऊन आल्या, त्यांनी ते पान वाचलं आणि पदरानं डोळे टिपले.

गुरुजींनी प्रबंध मिटून बाजूला ठेवला आणि हळूच काकूंना विचारलं, "कोनाचा पोरगा हाये हा? मोठा गुनाचा दिसते."

देवमननं काकूंकडे पाहिलं.

"तीन साल झाले, बापू. मलेबी वळखत नाहीत," काकू म्हणाल्या. त्यांनी प्रबंध उचलला, भराभर पानं उलटली आणि आकड्यांच्या तक्त्यावर बोट ठेवलं.

"आता निओबियमऐवजी लॅन्थॅनम घालून पाह्य," त्या म्हणाल्या. "मी तुले लिवनारच होती."