धुतलेली मेंढरं

सिद्धनाथने काल दुपारी मेंढरं तळ्यावर नेऊन धुतली. या वाडीत लोकर कातरायला कुणी कुणाला बोलवत नाही. ज्याची मेंढरं धुतलेली दिसली त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आपापली कातर घेऊन येतात. त्याची मेंढरं काल साऱ्या वाडीने पाहिली होती.

आता ऊन कळपाभोवतीच्या जाळीपर्यंत आलं होतं आणि वाटेवर कोणी नव्हतं.

"सारकं वाटंकडं बगू नगा," त्याची मुलगी प्रियंका म्हणाली. "यायचं आसंल तर येतील."

पण चहाला तिने मोठं पातेलं ठेवलं होतं.

सात वर्षांनी येरवड्याच्या तुरुंगातून सुटून तो घरी आला, त्याला अठरा दिवस झाले होते. इतक्या दिवसांत मुलगी त्याच्याशी फार थोडं बोलली होती. जेवा. पाणी तापलंय. आन् आईची माती त्या बांधाला झाली. त्याची बायको केराबाई उन्हाळ्यात गेली. त्याला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता.

आधी बिरुदेवतात्या आला. त्याच्या मागून चौघं आले. सगळ्यात शेवटी ईरप्पा आला, तेव्हा सिद्धनाथ उठून उभा राहिला.

ईरप्पाच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत व्रण होता. त्या हाताची तीन बोटं मिटत नव्हती. चराईवरून दोघांचं भांडण झालं त्या दिवशी सिद्धनाथच्या हातात कातर होती.

"पयलंच सांगतो," बिरुदेवतात्या म्हणाला. "आमी तुज्यासाठी आलो न्हाय. गेल्या खेपंला केराबाईनं समद्यांची मेंढरं कातरली आन् तिची पाळी यायच्या आदीच ती गेली. पोरीनं मेंढरं धुतली न्हाईत, मग आमी यावं कसं? आज तिची पाळी फेडायची."

"व्हय, तात्या."

"तितं काय काम हुतं तुला?" चौघांतल्या एकाने विचारलं.

"बेकरीत हुतो."

"बेकरीत! मंग मेंढरं ह्याच्या हवाली करू नगा रं. भाजून काढंल."

दोघं हसले. ईरप्पा हसला नाही.

कातरायला जोडी लागते. एकाने मेंढरू आडवं पाडून पाय धरायचे, दुसऱ्याने कातरायचं. प्रियंकाने तात्यापुढे मेंढरू पाडलं आणि पाय धरले. चौघांच्या दोन जोड्या झाल्या. उरले दोघं. सिद्धनाथकडे कातर नव्हती, ती पोलिसांनी नेली होती. ईरप्पाकडे कातर होती, पण पाय धरणारं कोणी नव्हतं.

सगळे माना खाली घालून कामाला लागले.

ईरप्पा खाली बसला. बराच वेळ तो पोत्यावर पाती घासत राहिला. मग म्हणाला, "आन की मेंढरू."

सिद्धनाथने एक काळी मेंढी आणली, पाडली आणि चारी पाय एकत्र धरले. ईरप्पाने डाव्या हातात कातर घेतली. लोकर वर्षाची होती, दाट. कातर पोटाकडून पायांकडे सरकली. सिद्धनाथच्या बोटांपासून ती चार बोटांवर आली, मग दोनवर.

"हात मागं घे," ईरप्पा म्हणाला. "डावा हात हाय. नेम न्हाय त्याचा."

सिद्धनाथने हात मागे घेतला नाही. पाय सोडले असते तर मेंढी उसळली असती आणि तिला लागलं असतं.

ईरप्पाने कातर थांबवली. सिद्धनाथच्या हाताकडे पाहिलं. मग पातं बाहेरच्या बाजूला वळवून कातरू लागला.

तिसरी मेंढी कातरताना ईरप्पा म्हणाला, "हात असा झाल्यापास्नं माजी मेंढरं केराबाईच कातरायची. बाईमाणूस कातरायला बसत न्हाय. ती बसली. लोकं बोलायची तिला."

"काय म्हनायची ती?"

"काय न्हाय. खाली मान घालून कातरायची. च्या बी घ्यायची न्हाय आमच्यात."

दुपारपर्यंत सगळा कळप उघडा झाला. लोकरीचा ढीग जाळीपाशी पडला होता. हल्ली लोकरीला गिऱ्हाईक नाही, पण कातरली नाही तर जनावराला गोचीड होतात.

प्रियंकाने चहा दिला. सगळ्यांनी घेतला.

"केराबाईची पाळी फिटली," बिरुदेवतात्या म्हणाला आणि उठला. बाकीचे त्याच्यामागून गेले. सिद्धनाथशी कोणी काही बोललं नाही. आता कुणाचं काही देणं राहिलं नव्हतं.

ईरप्पा बांधापर्यंत जाऊन थांबला. वळला नाही.

"सोमवारी आमी मेंढरं धुतोय."

सिद्धनाथ जाग्यावरच उभा राहिला. हे कुणी कुणाला सांगत नाही.

"माज्याकडं कातर न्हाय," तो म्हणाला.

"ठावं हाय," ईरप्पा म्हणाला आणि बांध उतरून गेला.

सिद्धनाथ मागे वळला. प्रियंका घरातून पत्र्याचा डबा घेऊन आली होती. तिने झाकण काढलं आणि आतली कातर बाहेर काढली. मुठीला केराबाईच्या हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती, लहान हाताच्या मापाने, घट्ट. पातं आपल्या हातात ठेवून तिने मूठ त्याच्यापुढे केली.

"धार लावा, आबा," ती म्हणाली. "चिंधी तेवढी काढू नगा."