उजव्या चाकातला आवाज

मुख्याध्यापिकाबाईंनी दोन्ही तळवे गाडीच्या पुढच्या उजव्या मडगार्डवर टेकले आणि अंगाचा सगळा भार टाकला. गाडी खाली बसली, वर आली. “हा बघा, आला,” त्या म्हणाल्या. उस्तादांनी जाणत्यासारखी मान हलवली. त्यांना काहीही ऐकू आलं नव्हतं.

सकाळचे साडेसात वाजले होते. गॅरेजच्या दारातल्या डबक्यावर बर्फाची पातळ साय धरली होती. बाई घाईत होत्या, पण सांगायचं ते त्यांनी नीट सांगितलं. थंडी पडल्यापासून गाडी करकरते, जुन्या दाराच्या बिजागरीसारखी. गतिरोधक आला की जास्तच. ऊन चढलं की आवाज गायब. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने दोन्ही शॉक अब्सॉर्बर बदलले. चौथ्या दिवशी आवाज परत हजर. दुसरा म्हणाला, थंडीत रबर कुरकुरायचंच, रेडिओ मोठा करा. बाईंना ते पटलं नाही. उद्या त्यांना आईला घाटापलीकडच्या इस्पितळात न्यायचं होतं. आईच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम महिना झाला होता. शाळेतल्या कोणीतरी सांगितलं, उस्तादांकडे जा, त्यांचा कान म्हणजे कान.

तो कान तीन वर्षांपूर्वीच गेला होता. समोर बसून माणूस बोललं तर उस्तादांना कळायचं. हॉर्न कळायचा, हातोडा कळायचा. बारीक आवाज मात्र एकेक करून नाहीसे झाले होते, आणि गाडीचं दुखणं नेमकं बारीक आवाजातच बोलतं. ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. मुलीलासुद्धा नाही.

मुलगी बारा वर्षं त्यांच्याबरोबर काम करत होती. गॅरेजवर येणारे सगळे तिला फटकळ म्हणायचे. गाडी आत आली की ती चारी बाजूंनी दाबून बघायची आणि कोणी विचारायच्या आत बोलून मोकळी व्हायची. डावीकडचं बुश गेलंय. मागचं बेअरिंग वाजतंय. उस्ताद क्षणभर डोळे मिटायचे, गाडीकडे कान करायचे आणि तेच गिऱ्हाइकाला सावकाश सांगायचे. लोक म्हणायचे, मुलगी चांगली तयार होतेय बापाच्या हाताखाली. तेव्हा उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आज मुलगी स्पेअर पार्टच्या दुकानात गेली होती.

“मला एवढंच सांगा,” बाई म्हणाल्या. “उद्या आईला यातून नेऊ की नको? तुम्ही म्हणाल तसं करते.”

थंडीतला असा आवाज दहातल्या नऊ गाड्यांत रबराचाच असतो. ‘रबर आहे, खुशाल जा,’ हे शब्द उस्तादांच्या जिभेवर आलेही होते. त्यांनी ते गिळले.

“बाई, मला हा आवाज ऐकूच येत नाही. तीन वर्षं झाली.”

 आता बाई किल्ली उचलून चालू लागतील, असं उस्तादांना वाटलं. पण तीस वर्षं वर्गासमोर उभ्या राहिलेल्या बाई त्या; खरं बोलणारा त्यांना लगेच ओळखू यायचा. मग आता काय करायचं, एवढंच त्यांनी विचारलं. उस्तादांनी हातमोजे काढून ठेवले. तुम्ही वरून दाबा, करकरलं की मोठ्याने ‘आला’ म्हणा, बाकीचं माझ्याकडे लागलं, असं सांगून ते गाडीखालच्या खड्ड्यात उतरले.

आधी त्यांनी सांध्यांमधल्या एकेका रबरावर सिलिकॉनचा फवारा मारला. रबराचा आवाज असला तर तो तेवढ्याने बंद पडतो. बाई दाबत होत्या. पहिलं रबर झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. प्रत्येक वेळी वरून ‘आला’. मग त्यांनी फवारा बाजूला ठेवला आणि उघडा हात लोखंडावर ठेवला. लोखंड झोंबणारं गार होतं. चाक धरणाऱ्या आर्मवर काही नाही. शॉकवर काही नाही. बोटं चिमटीत सापडणार नाहीत अशा बेताने त्यांनी ती स्प्रिंगच्या अगदी खालच्या वेढ्यावर टेकली. बाईंनी दाबलं, आणि बोटांखाली काहीतरी कचकन सरकलं.

त्यांनी चिखल पुसला. वेढा तुटलेला होता. तुटलेलं टोक खालच्या रबरी बैठकीवर घासत होतं. ऊन चढून रबर मऊ पडलं की तिथेच रुतून गप्प बसत होतं. शॉक बदलणाऱ्याने जुनीच स्प्रिंग चिखलासकट परत चढवली होती. घाटातल्या एखाद्या वळणावर ते टोक सुटून टायरमध्ये घुसलं असतं.

उस्ताद वर आले. गाडी आता इथून हलणार नाही, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा बदलतो, दुपारी चारला या, असं त्यांनी सांगितलं. सांगताना ते कुठेही अडखळले नाहीत. “उद्या आईला बिनघोर न्या,” ते म्हणाले.

तेवढ्यात मुलगी आली. बाई तिला कौतुकाने सगळं सांगत सुटल्या. म्हणे ऐकू येत नाही, आणि नुसत्या बोटांनी शोधून काढलं. बोलून गेल्यावर त्या थबकल्या. उस्ताद फडक्याला हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

मुलीने सामानाची पिशवी खाली ठेवली. खड्ड्यात उतरून स्प्रिंग पाहिली. मग वर येऊन, तिचे ओठ बापाला दिसतील अशी, नेहमीसारखी, त्यांच्यासमोर उभी राहिली.

“मला पहिल्या हिवाळ्यापासून माहीत आहे, बाबा,” ती म्हणाली. “नाहीतर गिऱ्हाइकासमोर तुमच्या आधी तोंड उघडायची माझी काय बिशाद होती?”